डाव्या दाराची पायरी

नको, त्या खुर्चीवर नको बसूस — तिचा स्क्रू वर आलाय, उठताना कपडा फाटतो, मागच्या आठवड्यात एका बाईंनी मला वाट्टेल ते ऐकवलं, जसा काही मीच तो स्क्रू तिथे लावून ठेवला होता. ही घे, माझ्या शेजारची. हां. आणि पिशवी ठेव ना खाली, मांडीवर काय घेऊन बसलीस? कळलंय मला काय आहे त्यात. कोट, बिल्ला आणि बॅटरी. मास्तरांनी परत पाठवलं. ते मॅनेजरकडे द्यायचं गं, माझ्याकडे नाही — मी काय, तुझ्या वडिलांसारखीच फुकटची डोअरकीपर, मला कसला अधिकार — आणि मॅनेजर आलेत कुठे अजून? ती समोरची जिन्याखालची खोली त्यांची, दाराला दुधी काच आहे ती. आले की आत दिवा लागतो. चारचा प्रयोग म्हणजे लोक साडेतीनपासून यायला लागतील. तोवर आपण दोघीच आहोत. बस.

मला जरा पाय लांब करू दे, राग मानू नकोस. आज एरवीसारखं दुपारी नाही, सकाळपासूनच उभी आहे — शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम होता, साडेतीनशे मुलं, एकाला तहान, दुसऱ्याला बाथरूम, तिसऱ्याला आई हवी — पायांचे नुसते तुकडे पडलेत. लोकांना वाटतं आम्हाला पगार असेल. पगार कसला! प्रयोग फुकट बघायला मिळतो, तोही मागे उभं राहून, आणि मध्यंतरात एक कप चहा, तोही गार. सव्वाशे वर्षांचं थिएटर म्हणून सगळे कौतुक करतात, बाहेर पाटी लावून गेलेत. जुनं म्हणजे काय गं — बायकांच्या बाथरूममधला नळ गळतो आणि तो बदलायला सात जणांच्या सह्या लागतात, हे जुनं. तरी येते. अकरा वर्षं येतेय. आमचे हे गेले, आणि मुलगा म्हणाला, आई, घरात बसून बसून भिंतींशी बोलायला लागशील, कुठेतरी जात जा. तर आले इथे. हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायचे मी, तीस वर्षं, लोकांना कुठे जायचं ते सांगायची सवय होतीच. मास्तर माझ्यानंतर दोन वर्षांनी आले, तुझी आई गेल्यावर. पहिल्याच दिवशी काळा कोट घालून — कोणी सांगितलं नव्हतं हं कोटाचं, आम्ही सगळे आपले साध्या कपड्यांत — आणि मॅनेजरना म्हणाले, ‘मी चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय, मला आधी नकाशा द्या.’ थिएटरचा नकाशा! मॅनेजर बघतच राहिले.

नकाशा काही मिळाला नाही, मग स्वतःच काढला. एका रविवारात सगळ्या खुर्च्या पाठ. तुला सांगितलं असेल ना त्यांनी, आमच्याकडे आय नावाची रांगच नाही, ओ पण नाही — एच झाली की थेट जे, एन झाली की पी. आय एकासारखा दिसतो, ओ शून्यासारखा, अंधारात घोळ होतो, म्हणून पहिल्यापासूनच नाहीत. लोक वाद घालतात, मधली रांग कुठे गेली म्हणून. मी म्हणते, जिथे गेली तिथे सुखी असेल, तुम्ही बसा. मास्तर मात्र नीट समजावणार, हवेत बोटाने काढून दाखवणार — मागे माणसं खोळंबलेली, दुसरी घंटा होऊन गेलेली — मी म्हणायचे, अहो मास्तर, तास संपला, सोडा आता मुलांना. आपण बसलोय ना, या खुर्च्यापण आतल्याच. शेवटच्या दोन रांगा, एस आणि टी. दुरुस्तीत काढल्या, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी जागा केली तिथे, उतार केला. चांगलं केलं, मी कुठे वाईट म्हणतेय. खुर्च्या टाकवेनात म्हणून बाहेर हॉलमध्ये आणून मांडल्या. म्हटलं, बरं झालं, आम्हालाही म्हातारपणी असंच बाहेर आणून मांडा.

हसलीस का? नाही. बरं.

आत जायला दारं दोन — उजवं आणि डावं, आणि मधे हे टेबल. मास्तर त्या बाजूला, डाव्या दारापाशी, मी या बाजूला. ड्युटीच्या वहीतही तसंच, नऊ वर्षं, उजवं बाई, डावं मास्तर. आणि तिकीट मोठ्याने वाचायची सवय त्यांची! स्वतःकडच्या माणसाचं तर वाचायचेच, पण माझ्याकडे आलेल्याचंही, मान वाकडी करून — ‘एच-बारा, बाई! एच-बारा!’ सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. मी चिडवायचे, मास्तर, हजेरी घेताय का? तर म्हणायचे, सवय हो, मोठ्याने वाचलं की डोक्यात राहतं. सुरुवातीला नव्हतं हे. आत्ता दोनेक वर्षांतलं. म्हातारपणी लागतात अशा खोडी, मला तरी काय कमी आहेत.

कसे आहेत ते? … असं. … रविवारीसुद्धा? … तीन वाजता? अगं आई गं. इस्त्रीचा शर्ट, कोट, सगळं घालून? कुठे बसतात, बाहेरच्या खोलीत? आणि चार वाजून गेले की उठून कपडे बदलतात. काही बोलत नाहीत. हं. आणि आज तर कोट तू घेऊन आलीस, म्हणजे आता, आत्ता या घटकेला, नुसत्या शर्टावर बसले असतील. तीन वाजले ना? किती झाले? तू सांग गं तुझ्या घड्याळात बघून, माझ्यात नाही दिसत — म्हणजे माझं बंद आहे. तीन-वीस. बसले असतील.

हे बघ, मी काय म्हणते, थिएटर आहे, अंधार असतो, माणसं पडतात. आम्ही डोअरकीपर म्हणजे काय देव नव्हे. अकरा वर्षांत माझ्यासमोर चार जण पडलेत, एक तर मध्यंतरात, लख्ख उजेडात, दोन हातांत दोन चहा घेऊन. तसेच ते आजोबा पडले. मनगट मोडलं, वाईटच झालं, ऐंशीचं माणूस — पण प्लॅस्टर निघालं म्हणे आता. त्यांच्या मुलाने आरडाओरडा केला, मॅनेजरना कोणाचं तरी नाव हवं होतं, त्यांनी वही उघडली. डावं दार, मास्तर. झालं. ‘मास्तर, तुम्ही आता आराम करा.’ आराम करा म्हणजे येऊ नका. आता त्यात कोणी काय करणार, सांग मला, वहीत जे लिहिलंय ते लिहिलंय, मॅनेजर तरी बिचारे — तू बोल ना काहीतरी. नुसती बसून राहिलीयेस. शिव्या तरी घाल.

ठाऊक आहे तुला. तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे, आणि मघापासून मी नळ काय, स्क्रू काय, वळवळ वळवळ चाललीये माझी. जे-सहा. उजवीकडे. तिथे बसली होतीस तू त्या दिवशी.

नऊ वर्षांत पहिल्यांदा यायची होतीस. मास्तरांचा नुसता उत्साह — कोटाला ब्रश काय, बॅटरीत नवे सेल काय, मला तीनदा सांगून झालं की लेक येतेय, लेक येतेय. आणि तिकीट निघालं उजव्या बाजूचं, म्हणजे माझ्या दाराचं. मीच म्हणाले. मास्तर, तुमच्या लेकीला मी काय जागा दाखवू, तुम्हीच दाखवा, या इकडे, मी थांबते तुमच्या दाराशी. ‘अदलाबदल वहीत लिहायला हवी, बाई.’ मी म्हणाले, अहो पाच मिनिटांचं काम, कोण बघतंय तुमची वही. हेही मीच म्हणाले. मग ते तुला घेऊन उजवीकडून उतरले, ‘जे-सहा, जे-सहा’ करत, आणि तू हसलीस — मला ऐकू आलं इकडे डावीकडे. आवाज मला लांबूनही बरोबर कळतात. आजही तुला ओळखलं ते आवाजावरूनच, दारात ‘बाई आहेत का’ म्हणालीस ना, तेव्हा.

तर मी इकडे त्या आजोबांचा हात धरून. मुलगा गाडी लावायला गेला होता, ते एकटेच आले. ‘एन-तीन,’ त्यांनीच सांगितलं. आता बघ, मला सगळं पाठ असतं. मी खुर्च्यांच्या पाठींवरून हात नेत जाते, मोजत — कोणाला कळतही नाही, वाटतं म्हातारी आधार घेतेय. दुरुस्ती झाल्यावर तीन दुपारी लवकर येऊन, रिकाम्या थिएटरात, चालून चालून मी नवीन वाट पाठ केली. पण पाठ केली ती उजव्या दाराची. माझं दार उजवं ना! डाव्या दाराची वाट माझ्या पायांत जुनीच राहिली — आत गेलं की चार पावलांवर एक पायरी, मग पुढे सगळं सपाट. आणि उतार करताना ती पायरी काढून पुढे नेलेली, पी रांगेपाशी. उजवीकडे पायरीच ठेवली नाही, डावीकडे ठेवली. चहाच्या खोलीत कागद लावला होता म्हणे, मोठ्या अक्षरांत. तर चार पावलांवर मी आजोबांना म्हटलं, सांभाळून हं, इथे पायरी आहे. ते आपले पायाने चाचपताहेत — ‘कुठाय हो? नाहीये इथे.’ मला वाटलं, उतरले. तिसरी घंटा वाजत होती, घाई झालेली. मी म्हटलं, ‘झाली पायरी, आता सपाट आहे, चला बिनधास्त.’ मी बिनधास्त म्हणाले, म्हणून ते बिनधास्त चालले गं.

मग काय, दिवे लागले, माणसं जमली, आजोबांना इथेच आणून बसवलं, बहुतेक याच खुर्चीवर. मॅनेजर वही घेऊन आले. ‘डाव्या दाराला कोण होतं?’ मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं, आवाज फुटला नाही. मास्तरांची मान माझ्याकडे वळली एवढं कळलं मला. आणि ते म्हणाले, ‘मी होतो.’ बस्स, एवढंच. तू उभी होतीस ना त्यांच्यामागे? तू काहीतरी बोलायला गेलीस आणि त्यांनी तुझा हात दाबला, असणारच, नाहीतर तू गप्प बसणारी नाहीस. मी घरी गेले. जेवले. सुनेने विचारलं, कसा झाला प्रयोग, मी म्हटलं, छान. उद्या सांगते मॅनेजरना, असं ठरवून झोपले. मग पुढच्या रविवारी सांगते. आज पाचवा रविवार.

का नाही सांगितलं? पायरी चुकले एवढं सांगितलं असतं तर काय फाशी दिली असती? नाही. पण मग विचारलं असतं ना, अहो बाई, एवढी समोर पायरी होती, दिसली कशी नाही? … नाही दिसत. तुला सांगते आता, अर्धं सांगून काय उपयोग. मला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुझे खांदे दिसतात, केस दिसतात, तुझा चेहरा आहे ना, तिथे बोट फिरवून पुसल्यासारखं आहे. मोतीबिंदू असता तर काढला असता, हा तो नव्हे. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही. वर्ष झालं त्याला. एकटीच गेले होते, घरी म्हटलं भाजी आणायला जाते. मुलाला माहीत नाही. सुनेला नाही. सून वाईट नाही गं, वाईट असती तर परवडलं असतं, भांडता आलं असतं — ती फार चांगली आहे. तिला कळलं ना, तर ती मला एका जागी बसवेल आणि पाणीसुद्धा हातात आणून देईल. बाहेर पाऊल टाकू देणार नाही. सगळं मायेनेच, त्यामुळे नाही कसं म्हणायचं? रविवारचे हे चार तास आहेत माझे, पायांचे तुकडे पडले तरी माझे. इथे कोणी मला आजी म्हणत नाही, बाई म्हणतात. ते जाईल म्हणून गप्प बसले. मास्तरांचंही तेच जात होतं, तेवढंच होतं त्यांच्याकडेही, मला समजत नव्हतं असं थोडंच आहे! समजत होतं. लाज वाटते मला.

आणि ते तरी का बोलले तसं? मी डोकं फोडून घेतलं त्यावर. वाटलं, गडबडून गेले असतील. नाहीतर त्यांचा तो नियम — वहीत माझं नाव तर जबाबदारी माझी. मास्तर माणूस, असेल डोक्यात काहीतरी. त्यांना माझ्या डोळ्यांचं कुठून ठाऊक असणार, मी कोणाला कळू दिलं नाही, काय एकेक युक्त्या केल्या, तिकीट हातात घेतलं की लोकांनाच विचारायचं, कुठल्या रांगेत हो तुम्ही, आणि नाही विचारलं तरी मास्तर होतेच शेजारी ओरडायला, एच-बारा, एच-बारा. घरीपण वैताग असेल ना तुम्हाला? पेपर काय, औषधाच्या बाटल्या काय, सगळं मोठ्याने वाचत असतील.

… नाही? मोठ्याने नाही वाचत?

कधीच? अगं आठवून सांग. पेपर तरी? … मनात. ओठसुद्धा हलत नाहीत. … आधीपण नाही, आई होती तेव्हापण नाही. म्हणजे घरी कधीच नाही.

थांब जरा. थांब, बोलू नकोस.

दोन वर्षं झाली त्याला. एका रविवारी एका जोडप्याला मी भलत्याच रांगेत बसवलं होतं, डी-चारच्या जागी बी-चार, आणि हसण्यावारी नेलं होतं. पुढच्या रविवारपासून सुरू झालं त्यांचं, एच-बारा, बाई. दोन वर्षं. डॉक्टरकडे तर मी गेल्या वर्षी गेले. मला स्वतःला कळायच्या आधी त्यांना कळलं, आणि मी त्यांना म्हणायचे, हजेरी घेताय का! सगळ्यांसमोर! आणि ते हसायचे. सवय हो, म्हणायचे. आणि मी मेली त्यांच्या तोंडावर गप्प बसले. त्यांनी मला दोन वर्षं सांभाळलं, मला एक वाक्य बोलता आलं नाही.

नाही, रडत नाहीये. पाणी येतं डोळ्यांना, तेही आहे त्यातच. रुमाल ठेव तुझा. दे ती पिशवी इकडे. … नाही, कोट नको काढूस, कोट पिशवीतच राहू दे, तो घरी न्यायचाय परत. बॅटरीपण. बिल्लापण. हा एक बिल्ला राहिला, माझा. जरा पिन काढ बघू, मला घरीसुद्धा अर्धा तास लागतो. निघाला? आण. हा देते मी मॅनेजरना. आणि वहीत ती अदलाबदल लिहायची राहिली होती, तीही सांगते लिहायला, तारखेसकट. आजोबांच्या घरचा पत्ता पण मागून घेते, त्यांच्यापुढेही जाऊन उभं राहायला हवं एकदा. मग मुलाला फोन करून सांगेन, मला न्यायला ये. बस पकडते मी एरवी, बसचा नंबर कंडक्टरला विचारते, पण आज नको. आज खूप दमले गं.

तू जा. उठ, जा घरी. त्यांना कोट घालायला सांग. चार वाजता आत येता आलं नाही तरी मध्यंतरापर्यंत पोचतील, मी मॅनेजरना तसं सांगते. आणि हे बघ — माझ्याबद्दल काही विचारलं ना, तर म्हणावं, बाई म्हणाल्या, हजेरी लागली. नको. काही नको म्हणूस. आले की मीच बोलेन. मी बाहेर इथेच बसलेली असेन, टी रांगेत.

एवढं सांग आणि जा. मॅनेजरच्या खोलीत, त्या काचेत, दिवा लागलाय का? … लागलाय? मघापासून? मग बोलली का नाहीस! … बरं केलंस.

सोड, हात नको धरूस. जाते मी. इथून तिथवर सपाटच आहे. — आहे ना?